एक गाठ, दोन गाठी

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातलं मला आता फारसं आठवत नाही. मोलची व्याख्या अर्धी आठवते. आवर्तसारणीच्या पहिल्या दोन ओळी झोपेतही म्हणून दाखवीन, तिसरीत अडखळतो. लांजेवार सरांचे हात मात्र जसेच्या तसे आठवतात. बोटांच्या टोकांवर पिवळे डाग, अंगठ्याचं नख अर्धं झिजलेलं, आणि त्या दोन जाड बोटांत बाटलीच्या गळ्याभोवती फिरणारा रेशमाचा बारीक धागा.

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला तेव्हा नुकतीच अकरावी-बारावी जोडली होती. विज्ञान शाखा मिळाली म्हणून संस्थेनं फटाके फोडले, पण प्रयोगशाळा म्हणजे जुन्या धान्यकोठीला मारलेला चुना होता. एक खिडकी. तिच्यातून आम्लाच्या वाफा बाहेर जायच्या ऐवजी आतच फिरत राहायच्या आणि बाटल्यांवरच्या कागदी चिठ्ठ्या खाऊन टाकायच्या. महिन्याभरात चिठ्ठीवरची अक्षरं पुसट व्हायची, दोन महिन्यांत चिठ्ठीच गळून पडायची. संस्थेकडे सरांनी चांगल्या बाटल्या मागितल्या. संस्थेनं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मग सरांनी आपली वाट काढली. त्यांचे मेहुणे मोहाडीकडे कोसा रेशीम विणायचे. त्यांच्याकडून सरांनी रंगवलेल्या धाग्यांच्या लडी आणल्या. सल्फ्युरिकला लाल, नायट्रिकला पिवळा, हायड्रोक्लोरिकला पांढरा. आणि एक गाठ म्हणजे पातळ, पाणी मिसळलेलं आम्ल; दोन गाठी म्हणजे कडक, बिनपाण्याचं.

"चिठ्ठी वाचाले उजेड लागते," सर म्हणायचे. "गाठ अंधारातही सापडते, बापू."

त्यांच्यासाठी सगळी मुलं बापू आणि सगळ्या मुली बाई. कधीकधी ते आम्हाला डोळे मिटायला लावायचे आणि हातात बाटली द्यायचे. बोटांनी गाठी चाचपून सांगायचं, कडक की पातळ. आम्ही हसायचो. पण पंधरा दिवसांत आमच्यातला सगळ्यात मठ्ठ मुलगाही चुकेनासा झाला. त्या प्रयोगशाळेत आम्ही गाठीवर जेवढा विश्वास ठेवायचो तेवढा आईबापावरही ठेवत नसू.

सरांचा अर्ध्या बाह्यांचा सदरा नेहमी भोकांचा. पोट पुढे, पाय बारीक. कुठलाही वास नाकाजवळ नेऊन घ्यायचा नाही, हातानं थोडीशी हवा आपल्याकडे ओढायची, हा नियम त्यांच्या इतका अंगात मुरला होता की घरीही ते वरणाच्या वाटीवर तसाच हात हलवायचे. काकू चिडायच्या. "वरण हाये ते, ॲसिड नोहे," असं काकू म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. सर म्हणाले, "मी कोठं काय म्हणून राहिलो?" आणि पुन्हा हात हलवला.

प्रयोगाच्या वहीत तीन रकाने असतात. कृती, निरीक्षण, अनुमान. साऱ्या जिल्ह्यात मुलं हे रकाने उलटे भरत. क्षार कोणता ते आधी कुठून तरी कळायचं, मग पुस्तकातून त्याची निरीक्षणं उतरवायची आणि शेवटी कृती. सरांना या एका गोष्टीचा संताप होता. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे. वर्गात मागच्या बाकावर त्यांचं बोलणं पोचायचंच नाही. पण उलट्या भरलेल्या वहीवर ते आडवी रेघ मारायचे आणि ती वही वर्गासमोर धरायचे.

एकदा नायट्रेटच्या चाचणीत मी तसंच केलं. नळीत दोन द्रवांच्या मध्ये तपकिरी कडी दिसायला हवी. माझ्या नळीत काहीच दिसलं नव्हतं. मी लिहिलं, तपकिरी कडी दिसली.

"कडी दिसली तुले?" सरांनी विचारलं.

"नाई जी."

"मंग लिवलं कायले?"

"पुस्तकात हाये जी."

"पुस्तकानं पाह्यली असंन. तू नाही पाह्यली." आणि रेघ.

मग त्यांनी शेजारची वही उचलली. ती कुंदा कापगतेची होती. कुंदा एकोडीहून यायची, विज्ञानाला आलेल्या तीन मुलींपैकी एक. तिचे वडील तुळशीरामजी धान पिकवायचे आणि पोरीला डॉक्टरीण करणार म्हणून सानगडीच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगायचे. कुंदानं लिहिलं होतं: कडी दिसली नाही. का ते कळलं नाही. सरांनी ते वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांच्या मानानं मोठ्यानं. मग म्हणाले, "बाई, ह्याले रसायनशास्त्र म्हंतात." कुंदानं मान खाली घातली, पण कान लाल झालेले आम्हाला दिसले.

धागा बदलायचा झाला की सरांचा नियम होता. जुनी गाठ सोडली तर नवी बांधण्याआधी बाटलीतला एक थेंब तणसाच्या काडीवर टाकायचा. कडक सल्फ्युरिकनं धानाची काडी बघता बघता काळी पडते, पातळानं पडत नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून बांधायची नाही. काडी सांगेल तेव्हा बांधायची. हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

आम्ही बारावीत असताना तपासणी येणार होती. आदल्या दिवशी संस्थेचे सचिव प्रयोगशाळा बघायला आले. राइस मिलचे मालक, गाव त्यांना बाबूजी म्हणायचं. त्यांनी फडताळातल्या रंगीत धाग्यांच्या बाटल्या पाहिल्या आणि दारातच थांबले.

"लॅब हाये का वडसावित्रीचं झाड?"

सोबतचे सगळे हसले. आम्हीही हसलो. सर हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. सरांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. कात्री आली, धागे कापले गेले, आणि कचेरीतल्या कारकुनानं सुंदर अक्षरात लिहिलेल्या नव्या चिठ्ठ्या बाटल्यांवर डकवल्या. कारकुनाला रसायनशास्त्र येत नव्हतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या सल्फ्युरिकच्या कडक आणि पातळ अशा दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

तपासणीसाहेबांनी दारातून आत डोकावलं, चहा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक होतं. पाणी भरून ठेवण्याची पाळी माझी होती, म्हणून मी प्रार्थनेला न जाता प्रयोगशाळेत होतो. सर घाईघाईनं धागे परत बांधत होते. चिठ्ठी वाचायची, धागा घ्यायचा, गाठ मारायची. बाहेर प्रार्थना संपत आली होती. तणसाच्या काड्यांची जुडी खिडकीत होती तशीच होती. सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. मग घंटा झाली आणि त्यांनी शेवटची गाठ ओढून घट्ट केली.

कुंदानं लाल धाग्याची, एका गाठीची बाटली घेतली. क्षारावर थोडं ओतलं, काही दिसेना. पातळच आहे म्हणून नळी धुवायला तिनं तिच्यात पाणी घातलं. कडक सल्फ्युरिकवर पाणी घातलं की काय होतं ते अकरावीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते तिलाही माहीत होतं. पण तिच्या हाताखाली एक गाठ होती. नळी उकळून उसळली आणि तिच्या तोंडावर आली.

सरांनी तिला उचलून हौदाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. तिचा चेहरा बऱ्यापैकी वाचला. डावा डोळा वाचला नाही.

पुढची गोष्ट मुख्याध्यापकांच्या खोलीत घडली. कुंदाचं दप्तर घेऊन मी व्हरांड्यात उभा होतो आणि दार उघडं होतं. तुळशीरामजी खुर्ची देऊनही बसले नव्हते. बाबूजी बोलत होते. चांगल्या शब्दांत बोलत होते, हे मला अजून छळतं.

"झालं ते वाईट झालं. पण कडक ॲसिड तेलावानी जाड रायते, तुळशीराम. पाण्यावानी नाई रायत. पोरीनं नीट पाह्यलं असतं तर दिसलं असतं. काहो सर, तुमीच तं शिकवता ना, आधी पाहा मंग लिहा?"

खोलीत सगळे सरांकडे बघायला लागले. मीही व्हरांड्यातून बघत होतो. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील.

"हो," सर म्हणाले. "शिकवतो."

एवढंच. तुळशीरामजी बाहेर आले, माझ्या हातातून दप्तर घेतलं आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "पोरीचीच चूक हाये तं काय बोलाव." कुंदा पुन्हा शाळेत आली नाही. तिच्या पाठची बहीण पुढे दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला तुळशीरामजींनी विज्ञानाला घातलं नाही, कशालाच घातलं नाही. आमच्या पोरींचं लक्ष नसते, असं ते आता त्याच बाजारात सांगायचे.

मी विडी कामगारांच्या पत्रकांवर वाढलेला मुलगा. माझे काका ती लिहायचे आणि मी शाई वाळायच्या आत घरोघरी वाटायचो. अपघातानंतर मीही पत्रक काढलं. त्यात संस्था होती, बाबूजी होते, एकाच खिडकीची प्रयोगशाळा होती, शिक्षणाचा धंदा होता. सगळं खरं होतं. फक्त ती गाठ नव्हती. सर आमच्या बाजूचे, गरीब, राबवले गेलेले, म्हणून मी त्यांना वगळलं. निष्कर्ष आधी ठरवला आणि त्याला पुरतील तेवढीच निरीक्षणं लिहिली. सरांनी ते पत्रक वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. रेघ मारली नाही. मारायला हवी होती.

त्यानंतरचे सर वेगळे होते. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी ते प्रयोगशाळा उघडायचे आणि प्रत्येक बाटलीतला थेंब काडीवर टाकून पाहायचे. आदल्या दिवशी पाहिलेल्या, कुणी हात न लावलेल्या बाटल्यासुद्धा. नंतरच्या मुलांनी त्यांना काडीवाले सर असं नाव पाडलं. सुट्टीत मी गावी आलो की खिडकीखाली काळ्या टोकांच्या काड्यांचा ढीग दिसायचा. नोकरी कायम झाली, पगार वाढला, संस्थेनं काचेवरच अक्षरं कोरलेल्या चांगल्या बाटल्याही घेतल्या. काड्या चालूच.

आणखी एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. रविवारी सर सायकल काढून कुंदाच्या गावाच्या, एकोडीच्या वाटेला लागायचे. तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचे. पाळीवर सायकल उभी करून पलीकडची घरं बघत बसायचे आणि परत यायचे. ढोरं चारणारी पोरं चिडवायची, "काय गुर्जी, आज बी हवा गेली काय?" सर म्हणायचे, "हो गा, हवा गेली." आणि चांगली सायकल हातानं ढकलत थोडं अंतर चालायचे, पोरांना खरं वाटावं म्हणून.

मला राग यायचा. त्या वयाला राग सोपा असतो. मला वाटायचं, या माणसाला एक वाक्य बोलायचं आहे. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या माणसाला, स्वतः केलेल्या गोष्टीबद्दलचं एक वाक्य. नोकरी, दोन मुली, भाड्याचं घर, ही कारणं मला माहीत होती. अशा कारणांवर मी पुष्कळ लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन. पण त्या कारणांनी कुंदाच्या बापाच्या मनातलं तिच्याबद्दलचं मत बदलत नव्हतं. ते बदलू शकणारी दोनच माणसं होती. एक पाळीवरून परतत होतं आणि दुसरं भंडाऱ्याला खोली घेऊन क्रांतीवर लेख लिहीत होतं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो. मंडप, शाल, नारळ, मधोमध बाबूजी. सरांना बोलायला उभं केलं. त्यांच्या त्या हळू आवाजात, माइकपासून लांब उभे राहून ते म्हणाले, "माझ्या हातून एका मुलीचा डोळा गेला. तिची चूक नव्हती. गाठ मी बांधली होती."

पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. बाबूजींनी माइक आपल्याकडे ओढला. "असा शिक्षक आता होणे नाही. विद्यार्थ्याच्या अपघाताचाबी दोष सोताकडं घेते. हा लांजेवार सरांचा मोठेपणा." मंडपभर टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या.

जेवणं झाल्यावर सर मला हौदाशी भेटले. त्याच हौदाशी. अंगावर शाल तशीच होती.

"टाळ्या काहून वाजवल्या, बापू?"

"तुम्ही ते इथं सांगितलं म्हणून. एकोडीत सांगितलं असतं तर कुणी वाजवल्या नसत्या."

हे मी जरा चढ्या आवाजात बोललो. सरांनी हात धुतले. शालीला पुसले.

"उद्या येशील का?" ते म्हणाले. "पाळीच्या पलीकडं मी एकटा जात नाई."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. आपापल्या सायकलींवर. पाळीवर त्यांची सायकल आपोआप थांबली. ते उतरले, मागच्या चाकाला हात लावला. मी वाट बघत राहिलो. मग ते म्हणाले, "हवा हाये," आणि पुन्हा बसले.

कापगत्यांच्या अंगणात तुळशीरामजी खाटेवर बसून दावं वळत होते. खूप म्हातारे दिसत होते. कुंदा सुपानं धान पाखडत होती. आम्हाला पाहायला तिनं मान डावीकडे वळवली, उजवा डोळा आमच्याकडे यावा म्हणून. ती दचकली नाही.

"या सर. पाणी घ्या."

सरांनी तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत. खाटेसमोर उभे राहिले आणि सांगायला लागले. तुळशीरामजी दावं वळतच राहिले. सर थांबले.

"बाबाले आयकू येत नाई," कुंदा म्हणाली. "दोन वर्षं झाले. मोठ्यानं बोला."

सरांनी पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. "कोण? पटवारी काय?"

"मोठ्यानं, सर."

आयुष्यात ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही तो माणूस त्या अंगणात ओरडला. "मी शाळेतला लांजेवार. पोरीची चूक नव्हती. गाठ मी बांधली होती."

"कशाची गाठ?"

आता सगळंच सांगणं भाग होतं. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि तुळशीरामजींना रसायनशास्त्र शिकवायला लागले. पातळ म्हणजे काय, कडक म्हणजे काय, ओरडून. कडकावर पाणी घातलं तर काय होते, ओरडून. लाल धागा, एक गाठ, दोन गाठी. घशाच्या शिरा फुगल्या होत्या. शेजारचं दार वाजलं. कुंपणाशी दोघी बाया येऊन उभ्या राहिल्या, मग एक म्हातारा, मग पोरं.

तुळशीरामजींचे हात थांबले होते. ते मन लावून ऐकत होते. शेतकरी माणूस, बियाण्याच्या पोत्याची खूण चुकली तर काय होतं ते त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

"म्हंजे वरती एक गाठ होती?"

"हो."

"अन् आत दोन गाठीचं होतं?"

"हो. मी काडी लावून पाह्यलं नाई. पाहाले पायजे होतं."

"पोरीनं एक गाठ पाह्यली?"

"पाह्यली," कुंदा बोलली. मग तिनं बापाच्या कानाशी जाऊन, पण सरांकडे बघत म्हटलं, "मले जाड वाटलं होतं. तेलावानी. डोळ्याले दिसलं होतं मले. पण गाठ एकच होती. गाठ सरानं बांधली हाये तं मीच चुकली असंन, असं वाटलं."

सर उभेच होते. ओरडून त्यांचा आवाज बसला होता. तुळशीरामजी लेकीकडे बघत राहिले. मग दावं बाजूला ठेवून ते खाटेवर सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली. सरांसाठी नाही. कुंदासाठी. ती बसली नाही. कुंपणापाशी आता बरीच माणसं जमली होती. त्यांत सानगडीच्या बाजाराला जाणारे चेहरे होते.

"सर," ती म्हणाली, "हे लोक आत्ता आले. पयल्यापासून सांगा."

मी कुंपणाशी सरकलो, लोकांना आत यायला जागा करून दिली. इथे मी काही बोलायची गरज नव्हती, आणि पहिल्यांदाच मला बोलावंसं वाटत नव्हतं. सर तांब्यातलं पाणी घटाघट प्यायले. खाली वाकून त्यांनी कुंदाच्या सुपाजवळची एक तणसाची काडी उचलली, लोकांना दिसेल अशी वर धरली आणि फाटक्या आवाजात सुरुवात केली.

त्यानंतर मी सरांना भेटलेलो नाही. डोळ्यांसमोर येतात ते तसेच येतात, अंगणाच्या मधोमध, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, पिवळ्या बोटांनी हवेत धागा ओढून दाखवणारे. एक गाठ बांधली, दुसरी बांधायला हवी होती तिथं हात थांबले, आणि ते कुंदाकडे बघत राहिले.